एआयनं रिकामी जागा भरली आणि आपण सही ठोकली: कामात एआय वापरताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) मी क्वालिटीचं कागदकाम बघतो. मागं एकदा पुण्याच्या पार्टीची तक्रार आली. एफजी २६०च्या (ओतीव लोखंडाची एक प्रत) हौसिंगला, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या कवचाला, मशिनिंगनंतर ब्लो होल (वायू अडकून पडलेली भोकं) निघतायत, दोन दिवसांत एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय मांडणारा ठरावीक नमुन्यातला अहवाल, पाठवा. संध्याकाळचे सहा वाजलेले. चॅटजीपीटीत दोन ओळी टाकल्या, "कास्टिंगला ब्लो होल आले, कारण आणि उपायांसह रिपोर्ट दे", आणि चहाला गेलो. परत येतोय तर रिपोर्ट तयार. काय ते इंग्रजी, काय ते तक्ते! मूळ कारण: साच्याच्या वाळूतली ओल ४.८ टक्के. सही ठोकली, पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी फोन. "त्या पाळीच्या सँड टेस्टची नोंद पाठवा." नोंद कुठली पाठवणार? त्या पाळीत टेस्ट झालीच नव्हती. ४.८ हा आकडा यंत्रानं आपल्या मनानं बसवला होता, आणि बसवलाही असा की कुठल्याही फौंड्रीवाल्याला पटावा. वाळूत ओल जास्त झाली की वाफ धरते आणि ब्लो होल येतात, हे खरंच आहे. आमच्या जॉबला मात्र भलतंच निघालं, कोअर (आतली पोकळी ठेवायला साच्यात घालतात तो वाळूचा गाभा) कच्चा भाजला होता.

इथंच बहुतेकांची गल्लत होते. चॅटजीपीटी काय, जेमिनी काय, ही यंत्रं आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधत लिहितात. असल्या रिपोर्टात त्या जागी आकडा असतो, म्हणून ती आकडा घालतात. तुमचं रजिस्टर त्यांनी बघितलेलं नसतं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी असेच चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वात नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. आपण निदान फोनवरच सुटलो.

आता मी विनंतीच वेगळी लिहितो: "खाली दिलेल्या माहितीबाहेरचा एकही आकडा, तारीख, हीट नंबर घालू नकोस. माहिती नसेल तिथं 'भरायचं आहे' असं लिही. लिहिण्याआधी काय काय हवं ते मला विचार." (हीट नंबर म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला दिलेला क्रमांक.) पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्यानं अकरा प्रश्न विचारले. त्यातल्या चारांची उत्तरं टेबलावर बसून देता येत नव्हती. उठून भट्टीपाशी जावं लागलं.

दुसरी चूक शब्दांची. मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या अडत्यानं परराज्यातल्या व्यापाऱ्यासाठी भाव एआयकडून इंग्रजीत करून घेतला. मूळ वाक्य होतं, "३० किलोचा रवा, माल पिवळा". उतरलं काय, तर पिवळ्या सेमोलिनाची, म्हणजे खायच्या रव्याची, तीस किलोची गोणी! गुळाच्या ढेपेला आपल्याकडं रवा म्हणतात हे त्याला कोण सांगणार? आपल्या धंद्यातल्या दहा-वीस शब्दांची यादी अर्थासकट एकदा लिहून ठेवा आणि प्रत्येक नव्या चॅटच्या सुरुवातीला चिकटवा. पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्या मराठी फाइलींचा त्रास वेगळाच. श्रीलिपीसारख्या फॉन्टमधलं पत्र कॉपी करून टाकलं की पलीकडं अगम्य चिन्हांची भेळ पोचते, आणि यंत्र काही वेळा त्या भेळेचाही आत्मविश्वासानं सारांश काढतं. आधी मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर पानाचा स्वच्छ फोटो द्या. मग त्यानं वाचलेलं पत्र मूळ पानाशी ताडून बघा, विशेषतः नावं आणि रकमा.

कराचे दर विचारून थेट बिल करणारेही आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या चपलेच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी १,००० रुपयांपर्यंत १२ टक्के होता. यंत्राचं शिकणं एका तारखेला थांबलेलं असतं, त्यामुळं कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या चपलेच्या दुकानात बसून विचारलं तर जुना १२चा दरही मिळू शकतो. वेब सर्च चालू करा, आणि तरी शेवटचा शब्द सीएचा.

बेरजा? त्याच्याकडून करवूच नका. एक्सेलचा फॉर्म्युला मागा, बेरीज एक्सेल करेल.

आणखी एक सवय सोडा: "हे बरोबर आहे ना?" असं विचारायची. "हो" म्हणतं. "नक्की?" म्हटलं की माफी मागून उत्तर बदलतं, भले पहिलं बरोबर असो. त्यापेक्षा "पार्टीचा क्वालिटीवाला यातली कुठली तीन वाक्यं धरेल?" असं विचारा. कामाचं काहीतरी हाती लागतं. आणि चॅट लांबत गेली, सुरुवातीला घातलेल्या अटी ते विसरायला लागलं, की भांडत बसू नका. नवी चॅट उघडून अटी पुन्हा द्या.

ड्रॉइंगचं मात्र गंमतीवारी नेऊ नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला होता, मग कंपनीला असल्या साधनांवर बंदी घालावी लागली. आपल्याकडं पार्टीचं ड्रॉइंग येतं तेव्हा गुप्ततेच्या करारावर सही आपलीच असते. सेटिंगमध्ये तुमचा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करता येते, ती करा. तरीही ड्रॉइंग, कामगारांची आधार कार्डं आणि पगारपत्रकं फुकटच्या खात्यात टाकू नका. मी पार्टीचं नाव आणि पार्ट नंबर काढून "हौसिंग, एफजी २६०, भिंत ८ मिमी" एवढंच देतो.

त्या ब्लो होलच्या तक्रारीचा दुसरा रिपोर्ट गेला तेव्हा सात ठिकाणी 'भरायचं आहे' आलं होतं. पाच जागा रजिस्टरं बघून भरल्या. उरलेल्या दोन ठिकाणी "नोंद घेतलेली नव्हती" असं लिहून सही केली.