प्रोलॅक्टिन वाढलंय? डॉक्टरकडे जायच्या आधी एवढी तयारी करा

रिपोर्टमधे प्रोलॅक्टिनचा (म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या, दूध तयार करायला लावणाऱ्या हार्मोनचा) आकडा ठळक छापून आला की आपण आधी गूगल उघडतो आणि गूगल दोन मिनिटांत मेंदूतल्या गाठीपाशी नेऊन सोडतं. ते जरा बाजूला ठेवा आणि पहिलं काम करा, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या स्ट्रिपसकट एका पिशवीत भरा. सगळ्या म्हणजे सगळ्या, "ती काय, साधी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल" वाली पण, कारण त्यातच बऱ्याचदा डॉमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असतं आणि दोन्हींनी प्रोलॅक्टिन चांगलंच वाढतं. मी स्वतः डॉक्टरांना "कुठलंच औषध चालू नाही" असं ठोकून सांगितलं होतं आणि पर्समधे तीच कॅप्सूल होती! उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, बीपीचं व्हेरापामिल, रिस्पेरिडोन-अमिसल्प्राइडसारखी मानसोपचाराची औषधं, हेही सगळं यात येतं. पण मानसोपचाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिलीय त्यांना विचारूनच. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, काही टेस्टचे आकडे त्याने चुकतात.

मग पाळीच्या तारखा, निदान गेल्या सहा महिन्यांच्या. स्तनातून दूध किंवा पाण्यासारखं काही येतं का, एका बाजूने की दोन्ही, आपोआप की दाबल्यावर, हे लिहून न्या, समोर बसल्यावर लाजेने अर्धं राहून जातं. आणि सारखं दाबून बघू नका हो, त्यानेही प्रोलॅक्टिन वाढतं.

जुने रिपोर्ट लावताना युनिट बघा. एका लॅबचं नॅनोग्रॅममधे, दुसरीचं मिलि-युनिटमधे, साधारण २१ पटींचा फरक, त्यामुळे ३० चं ६३० झालेलं बघून रडू नका, ते तेवढंच आहे. नॅनोग्रॅममधे बायकांचं साधारण २५ च्या आत धरतात. थोडंसंच वाढलेलं असेल तर बहुतेक वेळा टेस्ट परत करायला सांगतात, तेव्हा उठल्याउठल्या पळू नका, तासा-दोन तासांनी जा, आदल्या दिवशी जोरदार व्यायाम नको, सुई टोचायच्या आधी थोडं शांत बसा. सोबत प्रेग्नन्सी टेस्ट, टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) आणि क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) झालंय का बघा, कारण गरोदरपण, थायरॉइड कमी असणं, किडनीचा त्रास, तिन्हींनी आकडा वर जातो. काहीच त्रास नाही आणि आकडा मात्र वाढलेला, असं असेल तर मॅक्रोप्रोलॅक्टिनची (म्हणजे गुच्छ होऊन रक्तात फिरणाऱ्या, फारसं काम न करणाऱ्या प्रोलॅक्टिनची) तपासणी करायची का हे विचाराच, तो प्रकार बहुतेकदा निरुपद्रवी असतो.

आकडा (नॅनोग्रॅममधे) २०० च्या वर गेला तर गाठीची शंका जास्त, पण काही औषधांनीही तिथवर जातो. उलटंही होतं, एमआरआयमधे गाठ भलीमोठी आणि प्रोलॅक्टिन जेमतेम वाढलेलं. अशा वेळी सॅम्पल डायल्यूट करून परत तपासलंय का हे विचारायला संकोचू नका, फार जास्त प्रोलॅक्टिन असलं की मशीन कधीकधी फसतं आणि कमी दाखवतं. डायल्यूट करूनही तेवढंच आलं तर ती गाठ वेगळ्या प्रकारची असू शकते आणि उपचारही वेगळे.

एमआरआय सांगितलाच तर शरीरात पेसमेकर, क्लिप, काही धातू आहे का, बंद जागेची भीती वाटते का, हे आधीच सांगा. १० मिलिमीटरच्या आतली गाठ छोटी धरतात. मोठी असेल आणि डोळ्याच्या नसेपाशी पोचली असेल तर पेरिमेट्री (कडेचं कितपत दिसतं याची तपासणी) करायला लावतात. चालताना दाराची चौकट बाजूने लागते का, कडेचं कमी दिसतं का, आठवून ठेवा. अचानक भयंकर डोकं दुखलं, उलट्या झाल्या, दिसणं कमी झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

आणि मूल हवंय की नकोय हे घरी बोलून जा, कारण कॅबरगोलिन (प्रोलॅक्टिन कमी करणारी गोळी) सुरू झाल्यावर पाळी परत यायच्या आधीच बीज तयार होऊ शकतं, पाळीच नाही म्हणून निर्धास्त राहिलेल्यांना दिवस गेलेले आहेत.