हलत्या साच्यात पोकळ काँक्रीटची भिंत कशी उभारावी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठे महांकाळ, जत या पट्ट्यात शेतातल्या वस्तीवर खोली बांधायची म्हटलं की पहिला खर्च वाहतुकीचा असतो. वीट येते, निम्मी कच्ची निघते. सिमेंटचे पोकळ ब्लॉक आणले तर शेवटच्या दोन किलोमीटरच्या गाडीवाटेत ट्रॉलीतच त्यांचे कोपरे उडतात. त्यापेक्षा ब्लॉक जागेवरच, भिंतीतच ओतला तर? एकच साचा घ्यायचा, तो भिंतीवर बसवायचा, भरायचा, सोडवून पुढं सरकवायचा. एक फेरी झाली की एक थर चढतो. भिंत आतून पोकळ राहते, म्हणून माल वाचतो आणि वैशाखातल्या दुपारी आतली बाजू भरीव भिंतीसारखी तापत नाही.

हे काम स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही. पोकळीच्या दोन्ही अंगांना भिंतीच्या दोन-दोन इंचांच्या पातळ कडा राहतात, त्यांना कस असलेला माल लागतो, त्यामुळं सिमेंट बऱ्यापैकी जातं. पण घरची तीन माणसं राबणार असतील, खडी-क्रश जवळ मिळत असेल आणि वीट लांबून येत असेल, तर हा मार्ग नक्की धरावा. वस्तीवरची माझी खोली मी अशीच बांधली आहे. माझी ठाम समजूत एकच: भिंत सरळ येणार की वाकडी, हे साचा बनवताना आणि पहिला थर घालताना ठरून जातं.

साचा

वर्कशॉपमध्ये जाताना कागदावर मापं लिहून न्या. पलूस-किर्लोस्करवाडीकडं, कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत किंवा तालुक्याच्या कुठल्याही चांगल्या वेल्डरकडं हे काम होतं. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हापासून या भागाच्या हाताला लोखंड सवयीचं आहे. तरी माप आपणच तपासायचं.

बाजूचे दोन पत्रे ३ मिलिमीटर जाडीचे, ३६ इंच लांब आणि ११ इंच उंच घ्या. थर ९ इंचांचाच येणार आहे. खालचे २ इंच आधीच्या थराला दोन्हीकडून कवेत घेण्यासाठी असतात. हे २ इंच वाचवायला जाऊ नका. त्यांच्यामुळंच नवा थर जुन्याच्या रेषेत बसतो आणि सांध्यातून सिमेंटचं पाणी गळत नाही. पत्र्याला बाहेरून वर-खाली अँगल वेल्ड करून घ्या, नाहीतर ठोकताना पत्रा पोट काढतो.

दोन्ही पत्र्यांना जागेवर धरायला वरून तीन शिकंजे लागतात, दोन टोकांना आणि एक मध्ये. उलट्या यू अक्षरासारखा आकार असतो. वरचा आडवा दांडा आणि खाली उतरणारे दोन पाय. आडव्या दांड्याला एकेक इंचावर भोकं पाडली की पाय जवळ-लांब करता येतात, म्हणजे भिंत ८, ९ किंवा १० इंचांची करता येते. पायाच्या तळाशी नट वेल्ड करून त्यातून बोल्ट फिरवायचा. बोल्टचं टोक पत्र्याला बाहेरून दाबतं आणि पत्रा खालच्या थराला चिकटून बसतो. भिंतीतून आरपार सळई घालून आवळण्यापेक्षा हे बरं, मागं भोकं बुजवत बसावं लागत नाही.

खरी मेख आतल्या पेटीत आहे. पोकळी ठेवणारी पेटी एकसंध केली तर ती काँक्रीटमध्ये अडकते आणि ओढताना कड घेऊन वर येते. म्हणून पेटी उभी चिरून दोन अर्ध्या भागांत करायची, प्रत्येक अर्धा पावणेदोन इंच रुंद. मध्ये लोखंडी चौकोनी पाइपाची किंवा रंधलेल्या लाकडाची एक फळी सरकवायची. फळी अर्ध्या इंचाची असली की पेटी ४ इंच रुंद होते आणि भिंत ८ इंचांची. दीड इंचाची फळी घातली की भिंत ९ इंचांची, अडीच इंचांची घातली की १०. कडा मात्र दोन्ही बाजूंना २-२ इंचांच्याच राहतात. फळी तळाकडं जरा निमुळती ठेवा. भरणं झालं की आधी फळी उपसायची, दोन्ही अर्धे आत सैल पडतात आणि हलक्या हातानं वर येतात.

एका साच्यात अशा दोन पेट्या, प्रत्येकी १४ इंच लांब. टोकाला २ इंच जागा, मग पेटी, मध्ये ४ इंच, पुन्हा पेटी, पुन्हा २ इंच. बेरीज ३६. या मापामुळं दर १८ इंचांवर पोकळी तीच राहते. वरचा थर अर्धा साचा सरकवून घातला, तरी पोकळीवर पोकळी आणि भरावावर भराव येतो. टोकं बंद करायला दोन आडपट्ट्या लागतात. त्या १८ इंचांवरही बसतील अशी सोय करा, अर्ध्या साच्यासाठी. सगळं मिळून वजन चाळीस-पंचेचाळीस किलोच्या आसपास जातं, दोघांनी उचलण्याजोगं.

पाया आणि मापं

खोलीची बाहेरची मापं तीन फुटांच्या पटीत धरा. माझी खोली बाहेरून १२ बाय १५ आहे, आतून १० फूट ८ इंच बाय १३ फूट ८ इंच. तीन फुटांची पट सोडली की सांध्यावर सांधा येतो आणि भिंत तिथंच चिरते.

काळ्या रानात पाया मुरूम लागेपर्यंत न्यायलाच हवा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पातळ कडांची भिंत ती हालचाल सोसत नाही. जोत्यावर चारही बाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा घाला. कोपऱ्यांत आणि दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या सळया त्या पट्ट्यातच रोवून ठेवा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सातारा-सांगलीतल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. सळईशिवायची पोकळ भिंत म्हणजे नुसता उभा केलेला ढीग. सळईची जाडी आणि संख्या इंजिनीअरकडून घ्या. मी १२ मिलिमीटरची सळई वापरली. छपराला पत्रा घातला आहे. वर स्लॅब टाकायचा असेल तर भिंतीचा हिशेबच वेगळा होतो, तो आधी करून घ्या.

गुण्या, म्हणजे कोपऱ्याचा काटकोन, साधायला ६-८-१० फुटांची दोरी आणि पातळीला पाण्याची नळी. जोत्याच्या पट्ट्यात अर्धा इंच जरी चढउतार असला, तरी पहिल्या थराखाली सिमेंट-वाळूचा माल घालून तो तिथंच संपवा. वरच्या थरात तो दुरुस्त होत नाही, वाढत जातो.

माल

एक भाग सिमेंट, दोन भाग धुतलेला क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), तीन भाग बारीक खडी. खडी १० मिलिमीटरच्या आतलीच घ्या. २० मिलिमीटरची खडी दोन इंचांच्या कडेत अडकते आणि खाली पोकळ जागा राहते. एका गोणीत साधारण पाच साचे भरतात.

पाण्याचं सांगतो ते नीट ध्यानात घ्या. स्लॅबला कालवतो तसा सैल माल इथं चालत नाही. माल कोरडसर हवा. मूठ आवळली की गोळा व्हावा, गोळा हातात राहावा आणि तळवा नुसता ओलसर वाटावा. बोटांमधून पाणी आलं तर माल बिघडला. वाळू कोरडी असेल तर गोणीला वीस-बावीस लिटर पाणी पुरतं, ओली असेल तर कमी. माझ्या पहिल्या दिवशी एप्रिलची दुपार होती, माल लवकर सुकतोय असं वाटून पाणी वाढवलं. साचा सोडवला तेव्हा कड सावकाश बाहेर झुकली आणि पाच साचे तोडून टाकावे लागले. त्या दिवसापासून कालवण सकाळीच, सावलीत आणि एका वेळी एकाच गोणीचं. सव्वा तासाच्या आत जेवढं संपेल तेवढंच.

साचा भरणं

आधी साच्याला आतून आणि पेट्यांना बाहेरून ऑइलचा पातळ हात द्या. पत्रे खालच्या थराला कवेत घेऊन बसवा, शिकंजे आवळा, उभी रेष सरळ आहे का ते पाहायला ओळंबा लावा. पहिल्या थराला कवेत घ्यायला खाली काही नसतं. म्हणून जोत्याच्या पट्ट्यावर दोन इंच उंचीची, भिंतीच्या रुंदीची कड आधीच ओतून ठेवा, साचा तिलाच धरतो. पेट्या मध्यावर आल्या का ते पट्टीनं मोजा, एक कड दीड इंच आणि दुसरी अडीच झाली तर दीडवाली मार खाते.

माल तीन खेपांत टाका, प्रत्येक खेप लोखंडी ठोकणीनं ठासा. कडांत चपटी ठोकणी, मधल्या भरावात जाड. ठोकण्याचा आवाज भदभद येतो तोवर माल बसलेला नसतो, आवाज कडक झाला की थांबा. वरचं तोंड थापीनं गुळगुळीत करू नका, खरखरीत ठेवा, वरचा थर त्यालाच धरणार आहे.

मग सोडवायचा क्रम: आधी मधल्या फळ्या सरळ वर, मग पेट्यांचे अर्धे, मग आडपट्टी, शेवटी शिकंज्यांचे बोल्ट सैल करून बाजूचे पत्रे आडवे बाहेर ओढायचे. पत्रे वर ओढले तर कडेची धार उचकटते. पेटी निघताना कुठं माल सुटला तर लगेच हातानं दाबून घ्या, तासाभरानं केलेली डागडुजी टिकत नाही. साचा पुढं ठेवताना आधीच्या तुकड्याच्या उभ्या तोंडावर सिमेंटचं दाट पाणी ब्रशनं लावा.

कोपरा

इथं लोक घाबरतात, पण युक्ती सोपी आहे. कोपऱ्याच्या १८ इंचांत पेटी घालायचीच नाही, सळईभोवती भरीव काँक्रीट ठासायचं. पहिल्या थरात लांबीची भिंत कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि रुंदीची तिला येऊन भिडते. दुसऱ्या थरात उलट. भिडणाऱ्या भिंतीला ८ इंचांच्या भिंतीत १० इंचांचा भरीव तुकडा आधी घालायचा. ८ आणि १० मिळून १८ झाले, पुढं पूर्ण साचे लावले की सांधे आपोआप अर्ध्यावर येतात. ९ इंचांच्या भिंतीला हा तुकडा ९ इंचांचा, १० इंचांच्या भिंतीला ८ इंचांचा. दाराखिडक्यांच्या बाजूलाही असाच भरीव अर्धा साचा, सळईसकट.

माझ्या मापाच्या खोलीला एका थरात सतरा साचे बसतात, सिमेंट साडेतीन गोण्यांच्या आसपास. तिघं असतील तर सकाळी सातला सुरुवात करून दुपारी एकपर्यंत फेरी होते. दिवसाला एकच थर. घाई करून संध्याकाळी दुसरा चढवू नका, खालचा साच्याचा आवळ सोसण्याइतका कडक झालेला नसतो. तेरा थरांत पावणेदहा फूट होतात. दर तिसऱ्या थराला चारही कोपऱ्यांत ओळंबा आणि सगळीकडून दोरी.

पाणी मारणं

दुकानात आता बहुतेक पीपीसी (पोर्टलँड पॉझोलाना) सिमेंट मिळतं, त्याला किमान दहा दिवस ओल हवी. आपल्याकडच्या उन्हात आणि वाऱ्यात मी चौदा दिवस धरतो. पातळ कड दोन्ही बाजूंनी सुकते, एकदा सुकली की तिची ताकद परत येत नाही. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात हे जड जातं, म्हणून ओली गोणपाटं भिंतीवर टाकून ठेवा. पाइपानं फवारण्यापेक्षा कितीतरी कमी पाण्यात भागतं. पहिल्या रात्री फवारा मारू नका, ताजा माल धुपतो, नुसतं ओलं गोणपाट पुरे. पाण्याची सोय नसेल तर हे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर घ्या.

लिंटलच्या, म्हणजे दाराखिडक्यांच्या माथ्याच्या, पातळीला आणि अगदी वर पुन्हा सळईचे पट्टे येतात. तो माल पोकळीत पडून जाऊ नये म्हणून पोकळ्यांच्या तोंडावर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा. उभ्या सळया मात्र प्रत्येक पट्ट्यात बांधल्या गेल्याच पाहिजेत.

पहिल्या थरात, बाहेरच्या कडेला, प्रत्येक पोकळीच्या तळाशी बोटभर जाडीच्या पाइपाचा तुकडा घालून भोक ठेवा. पावसाचं झिरपलेलं पाणी तिथून निघून जातं. कृष्णाकाठी, भिलवडी-ब्रह्मनाळकडं बांधणार असाल तर ही भोकं फार महत्त्वाची. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूर ओसरल्यावर पोकळीत पाणी अडून राहिलं तर भिंत महिनोन्‌महिने ओलीच राहते. एरवी या भोकांना बारीक जाळी बसवा, नाहीतर मुंग्या आणि पाली वस्तीला येतात.

विजेचे पाइप आणि बोर्डांच्या पेट्या थर चढतानाच पोकळीतून घेऊन ठेवा, नंतर छिन्नी लावली की दोन इंचांची कड फुटते. आणि गिलावा करण्याआधी पोकळ्या आणि भरीव जागा कुठं आहेत ते खडूनं भिंतीवर आखून तिचा फोटो काढून ठेवा. फळी, बंब किंवा औषधाचा पंप अडकवायला खुंटी भरीव जागेतच मारायची.