कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

एप्रिल लागला की नाशिकमध्ये ही तक्रार जास्त ऐकू येते. थंडीत दिवसभर बिनतक्रार चाललेला कॉम्प्युटर दुपारी तीनच्या सुमारास अचानक बंद होतो. थोड्या वेळाने सुरू होतो आणि पुन्हा बंद पडतो. त्यावर पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा, आणि सगळ्यात मोठी चूक तीच. मुलांचे फोटो, टॅलीचा डेटा पुसला जातो आणि कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. अचानक बंद पडण्यामागे बहुतेक वेळा वीज किंवा उष्णता असते. विंडोज नव्याने टाकून ना वीज सुधारत, ना पंखा साफ होत.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) जा आणि अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. तरीही बंद पडलं, तर फॉरमॅटचा विषय संपला. उलटं मात्र गृहीत धरू नका. बायोसमध्ये ग्राफिक्स कार्डावर आणि डिस्कवर ताण नसतो, त्यामुळे तिथे टिकलं म्हणून हार्डवेअर निर्दोष ठरत नाही.

कसा बंद पडतो, हे न पाहणं

दुकानात "बंद पडतो" एवढंच सांगितलं जातं आणि तिथून अंदाजपंचे सुरू होतं. खरं तर बंद पडण्याची तऱ्हाच अर्धं उत्तर देते. पडद्यावर 'शटिंग डाऊन' दिसून बंद होत असेल, तर कुणीतरी तसा हुकूम दिलेला असतो: अपडेट, एखादा प्रोग्रॅम किंवा चुकून दाबलं गेलेलं बटण. निळा पडदा झळकत असेल तर रॅम किंवा ड्रायव्हरकडे (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) पाहा. निळा पडदा वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होत असेल, तर सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. मग मजकूर पडद्यावर थांबतो आणि मोबाईलवर फोटो घेता येतो.

काहीही न दिसता खटकन अंधार होत असेल, तर वीज किंवा उष्णता. सुरू केल्यावर दर वेळी चार-पाच सेकंदांतच बंद होत असेल, तर आधी कॅबिनेटचं बटण आत अडकलंय का ते बघा. बटण साधारण चार सेकंद दाबून धरलं की मशीन बंद होतं, आणि अडकलेलं बटण तेच करतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक घाबरतात. मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं, एवढंच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही. तिच्या तपशिलात 'बगचेककोड' (निळ्या पडद्याच्या एररचा क्रमांक) शून्य असेल, तर वीज गेली किंवा मशीन जागीच थिजलं असण्याची शक्यता जास्त.

विजेकडे दुर्लक्ष

माझ्या मते तपासणी इथूनच सुरू व्हावी. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी घरगुती वापरात दोन-तीन वर्षांत थकते. यूपीएसचा हिरवा दिवा चालू असतो म्हणून कुणाला शंका येत नाही, पण लाईट क्षणभर जरी गेली तरी तो कॉम्प्युटरला सांभाळू शकत नाही. दोन दिवस यूपीएस मधून काढून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. तेवढ्या काळात महत्त्वाची फाईल वारंवार सेव्ह करा. बंद पडणं थांबलं, तर दोषी सापडला.

यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका. घरून ऑनलाईन फॉर्म भरून देणाऱ्यांकडे ही चूक खूप दिसते. कागद तापवण्यासाठी प्रिंटर अचानक मोठा करंट ओढतो, ६०० व्हीएचा यूपीएस ओव्हरलोड होतो आणि प्रिंट देताच सगळंच बंद.

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या कॉम्प्युटरची गोष्ट वेगळी. कॉम्प्युटरचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) वीज गेल्यावर काही मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तोच ठेवा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो.

आणि वेळ लिहून ठेवा. नळाला पाणी आल्यावर मोटर लावली की नेमका त्याच क्षणी बंद पडतो का? मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येतं. जुनं वायरिंग आणि ढिल्या सॉकेटचं एक्स्टेन्शन असेल तर आणखीच. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. तिथे कॉम्प्युटरवाल्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

स्वस्त एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असतं, पण तेवढा भार तो पेलेलच असं नाही. नवं ग्राफिक्स कार्ड घातल्यापासून गेम सुरू करताच बंद होत असेल, तर संशय तिथेच घ्या. मात्र एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका चार्ज राहू शकतो.

उष्णता आणि धूळ

नाशिकची हवा थंड, असं आपण अभिमानाने सांगतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि सिडकोतल्या वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली त्याहून तापते. त्यात कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला चिकटवलेली. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की आधी स्वतःला मंद करतो. तरीही तापत राहिला, तर जळू नये म्हणून मशीन बंद करतो. म्हणजे ही बिघाडाची नव्हे, संरक्षणाची क्रिया आहे. तापमान बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये दिसतं. काही काम चालू नसतानाच ते सत्तरच्या वर असेल, तर कूलर नीट काम करत नाही.

धूळ काढताना प्लग काढा, ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. हवेने पंखा बेफाम फिरला तर बेअरिंग खराब होतं. इंटेलच्या साध्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एक जरी उचलली गेली तरी कूलर प्रोसेसरवर नीट बसत नाही. साफसफाईनंतर कॉम्प्युटर जास्तच बंद पडू लागला, तर आधी पिना बघा. कूलर काढलाच, तर जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारा लेप) पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका. मटारच्या दाण्याएवढी पुरते.

एकाच वेळी सगळं बदलणं

रॅम, एसएमपीएस, पेस्ट सगळं एका दिवसात बदललं, की दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि बिल मात्र मोठं होतं. एक बदल, मग दोन दिवस वापर, मग पुढचा. बायोसची नाण्याएवढी बॅटरी बदलून हा त्रास सहसा जात नाही. ती घड्याळ आणि सेटिंग सांभाळते.

दुकानात न्यायची वेळ आलीच, तर डेटाची कॉपी आधी पेनड्राईव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. कधी, काय चालू असताना आणि कसा बंद पडला ते चार ओळींत लिहून सोबत द्या. "दादा, आधी तुमचा चांगला एसएमपीएस लावून चालवून बघा, मग नवा घेतो," असं स्पष्ट सांगा, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.