रंगीत पेन्सिलींच्या चित्रात बारीक पांढऱ्या रेषा राखण्यासाठी
इंदूरच्या राजवाड्याचे वरचे चार लाकडी मजले रंगीत पेन्सिलींनी रंगवताना गडद तपकिरीवर पांढऱ्या पेन्सिलीची रेघ नीट उमटत नाही आणि खिडक्यांच्या कडांवरचे ऊन हरवते. त्यासाठी रंग लावण्यापूर्वीच जाड कार्ट्रिज कागदाखाली वही ठेवावी, वर ट्रेसिंग पेपर धरून शाई संपलेल्या बॉलपेनने हव्या त्या रेषा दाबून ओढाव्यात आणि मग बोथट पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने दोन-तीन थर द्यावेत; खाचांत रंग न शिरल्याने रेषा पांढऱ्याच राहतात. आधी फिकट पिवळा थर देऊन खाचा पाडल्यास रेषा उन्हासारख्या दिसतात, आणि मला त्याच अधिक आवडतात. टोकदार पेन्सिल मात्र टाळावी, कारण ती खाचेत शिरते.