कमी खर्चात छोटी गाडी खाली घेताना

गाडी खाली घ्यायची, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी करायची म्हटलं की इंदुरात पहिला सल्ला ठरलेला असतो: "भिया, एक आंटा काट देते हैं." म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकायचा. हे काम तासाभरात होतं आणि मजुरीपलीकडे खर्च नसतो, म्हणून ते मोहात पाडतं. ते का करायचं नाही, हे आधी नीट समजून घ्या.

स्प्रिंगचे सहा वेढे काम करत असतील आणि त्यातला एक कापला, तर ती २० टक्के कडक होते. एवढं चालून गेलं असतं. खरी अडचण मोकळ्या, म्हणजे भार नसतानाच्या लांबीची आहे. चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग तिच्या बैठकीच्या वाटीत सैल पडते. कापलेलं टोक वाटीतल्या अडणीशी जुळत नाही, त्यामुळे चाक परत वर येताना स्प्रिंग तिरकी बसू शकते. वळणावर असं झालं तर स्टिअरिंग हातात राहत नाही. गॅसने तापवून स्प्रिंग खचवणं याहूनही वाईट. तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं, स्प्रिंग पुढे महिनोन्महिने खचत राहते, आणि दोन्ही बाजूंना सारखी खचत नाही. ही दोन्ही कामं कुणी फुकट करून देत असेल तरी करू नका.

किती खाली?

२५ ते ३० मिमी. दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टचा (२०११ ते २०१७) हिशेब करून बघू. रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची १७० मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४३० मिमी. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर लांब आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. त्याच्या माथ्यावर दोन चाकांच्या मधोमध गाडीला साधारण ४३ मिमी जागा पुरते. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाची काळजीच नाही. काळजी आहे ती कॉलनीवाल्यांनी स्वतः घालून घेतलेल्या, हातभर रुंदीच्या आणि १२ सेंमी उंचीच्या उंचवट्यांची. तो पूर्ण उंचीनिशी गाडीच्या पोटाखाली येतो. ३० मिमी खाली घेतलेली गाडी १४० वर आली, पाच माणसं बसून आणखी ४० मिमी दबली, की उरले १००. सायलेन्सर घासणार. मापपट्टी घेऊन आपल्या गल्लीतला सर्वांत उंच उंचवटा आणि घरासमोरच्या ओटल्याचा चढ मोजा, आणि मगच आकडा ठरवा. सामान भरून सिमरोलमार्गे ओंकारेश्वरला जाणारी घरची एकुलती एक गाडी असेल तर मागची बाजू पुढच्यापेक्षा १० मिमी कमीच खाली घ्या.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यावर मर्यादा आहे, आणि कलम १८२ए(४) मध्ये प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

पैसे कुठे घालायचे

आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला चार लोअरिंग स्प्रिंगांचा संच हा पहिला खर्च. कॉइलओव्हरचा (उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा नग) नाद कमी बजेटमध्ये करू नका. त्या पैशात मिळणारे स्वस्त नग मूळ शॉकअपपेक्षा वाईट चालतात. दुसरा खर्च शॉकअपचा, पण तो तपासून. दांड्यावर तेल दिसत असेल किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोनदा-तीनदा डोलत असेल तर शॉकअप आधी बदला. मेलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग घातली तर गाडी उड्या मारत चालेल. तिसरा खर्च बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर), डस्ट कव्हर, वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग. हे भाग पुढे बदलायचे तर सगळं काम पुन्हा उघडावं लागतं, म्हणून इथे हात आखडू नका. शेवटी अलाइनमेंट.

एक पैसे वाचवणारी गोष्ट: नुसते टायर बदलून गाडी किती खाली येते ते आधी मोजा. १८५/६५ आर१५ च्या जागी १८५/६० आर१५ घातले तर गाडी ९ मिमी खाली येते आणि स्पीडोमीटर सुमारे ३ टक्के जास्त दाखवतो. पण चाक आणि मडगार्ड यांच्यातली फट वाढते, आणि बहुतेकांना तीच तर कमी करायची असते.

काम

सपाट जमीन, टायरमध्ये योग्य हवा, अर्धी टाकी पेट्रोल. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही मापं लिहून ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅकने उचलल्यावर गाडी स्टँडवर ठेवा, उरलेल्या चाकांना अडण लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

पुढे: ब्रेक होसचा क्लॅम्प आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग यांचा एकत्र नग) सोडवा. लिंक रॉडचा नट फिरवताना त्याचा दांडा दुसऱ्या पान्याने किंवा अ‍ॅलन कीने धरा, नाहीतर तो जागीच फिरत राहतो. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणाऱ्या दोन बोल्टांभोवती रंगाने खूण करा. ते काढले की नकल बाहेर कलतो. त्याला तारेने बांधून ठेवा. तो लोंबकळला तर ब्रेक होस ताणला जातो आणि अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट निसटतो.

स्ट्रट खाली आल्यावरचं काम सर्वांत धोक्याचं. स्प्रिंगला धरून ठेवणारा दांड्याचा नट, कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) लावून स्प्रिंग वाटीत सैल झाल्याशिवाय हलवायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेदीडशे-दोनशे किलोंचा जोर असतो. कॉम्प्रेसरचे दोन्ही पंजे समोरासमोर लावा, आळीपाळीने थोडे थोडे आवळा, आणि तोंड स्ट्रटच्या रेषेत आणू नका. चांगला कॉम्प्रेसर नसेल तर काढलेले स्ट्रट मेकॅनिक नगरातल्या एखाद्या गॅरेजमध्ये नेऊन फक्त स्प्रिंग बदलून आणा. त्या मजुरीत कंजुषी नको. बम्प स्टॉप कापायला संचाच्या कागदावर सांगितलं असेल तेवढाच कापा, तोही रुंद बाजूने. निमुळतं टोक पहिला धक्का हळुवार झेलतं. नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक वाटीच्या अडणीला टेकलंय हे बोटाने चाचपून बघा.

मागे काम सोपं आहे. टॉर्शन बीमखाली (मागची दोन चाकं जोडणारी आडवी तुळई) जॅक द्या, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, बीम हळूहळू उतरवा, स्प्रिंग हाताने निघते. ब्रेक होस आणि हँडब्रेकच्या केबलवर नजर ठेवा. वरखालची रबरी बैठक परत जागेवर गेली पाहिजे, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात टक-टक ऐकू येईल.

हमखास राहून जाणारं

लोअर आर्मच्या (नकलला खालून धरणारा दांडा) आणि मागच्या बीमच्या बुशचं, म्हणजे सांध्यातल्या नळीचं रबर लोखंडाला चिकटलेलं असतं आणि ते मूळ उंचीवर आवळलेलं असतं. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून चाकं लावून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, हे बोल्ट एकदा सैल करून मॅन्युअलमधल्या टॉर्कने पुन्हा आवळा. गॅरेजमध्ये काम करून घेत असाल तर समोर उभं राहून हे करून घ्या. गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना आवळून दिलेले बोल्ट म्हणजे न आवळल्यासारखेच.

स्प्रिंग बसायला २००-३०० किलोमीटर लागतात. अलाइनमेंट त्यानंतर करा; तोवर गाडी सावकाश चालवा. खाली आल्यावर पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडा आत झुकतो, पण टायरची आतली कड मुख्यतः बिघडलेला टो (वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) खातो. कॅम्बर उणे एक अंशाच्या आत आणि टो कंपनीच्या मापात असेल तर टायर टिकतात. कॅम्बर बसत नसेल तर नकलच्या वरच्या छिद्रात कॅम्बर बोल्ट घाला. टॉर्शन बीमच्या गाडीत मागे काही फिरवता येत नाही. ४० मिमीच्या पुढे गेलात तर लोअर आर्म आडव्याच्या पलीकडे कलू लागतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. ते अलाइनमेंटने सुटत नाही.

हेडलाइट विसरू नका. मागची बाजू पुढच्यापेक्षा १० मिमी वर राहिली तर १० मीटरवर झोत चार सेंमी खाली पडतो. भिंतीसमोर गाडी उभी करून तो जुळवा.

शेवटी मागे तीन माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून रिकाम्या मैदानात हळू वळणं घ्या, आणि मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकवर टॉर्च मारा. घासल्याची चकाकती रेघ दिसली तर ती जागा कोणत्या कोनात घासते ते शोधा. क्लिप सुटलेलं प्लास्टिक असेल तर ते परत बसवून भागतं. टायर पत्र्याला लागत असेल तर स्प्रिंग बदला किंवा टायर लहान करा, पत्रा ठोकून वाकवू नका.