मोठं मांजर की पिल्लू? आधी रिकाम्या घराचे तास मोजा

गोड दिसतं म्हणून पिल्लू आणलं जातं आणि आठवड्याभरात घरच्यांची दमछाक होते. म्हणून निवडीआधी घर रोज सलग किती तास रिकामं असतं ते बघा.

१. चार-पाच तासांहून जास्त? मोठं मांजरच घ्या. चार महिन्यांखालच्या पिल्लाला दिवसातून ३-४ वेळा खाऊ घालावं लागतं. एकटं पडलं की ते वायरी कुरतडतं. मोठ्याला दोन वेळचं पुरतं, शिवाय स्वभाव आधीच कळतो.

२. मोठ्याला दोन वेगवेगळ्या वेळी भेटा. बोट नाकासमोर स्थिर धरा. हुंगून गाल घासला तर माणसांची सवय आहे. कोपऱ्यात दबून बसलं म्हणून लगेच नाकारू नका, भेदरलेली मांजरं घरी हळूहळू खुलतात. नसबंदी, लसी, दात यांची चौकशी मात्र कराच.

३. पिल्लूच हवं असेल तर ८ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका, १२ उत्तम. जमल्यास दोन भावंडं आणा, एकमेकांत खेळून दमतात.

सावधान: नव्या घरात मोठं मांजर लपून बसतं, ते चालेल. पण २४ तास काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यांना दाखवा; उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेतू शकतं.