कर्मचाऱ्याला ‘नाही’ म्हणता येईल का?

कायद्याची पदवी घेऊन मी पुण्यातील एका कंपनीच्या कायदा विभागात रुजू झाले. जर्मनीतील कर्मचाऱ्यांच्या पगाराचे काम पुण्यातून होणार होते आणि त्यासाठी त्यांची वैयक्तिक माहिती वापरण्याबाबत त्यांच्याकडून घ्यावयाच्या संमतीपत्राचा मसुदा करणे हे माझे पहिले स्वतंत्र काम होते. आपल्याकडे रुजू होण्याच्या दिवशी ज्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या जातात, त्यातीलच हा एक कागद असे समजून मी दोन पाने लिहून पाठवली. ती परत आली तेव्हा समासात एकच प्रश्न होता : ‘कर्मचाऱ्याला नाही म्हणता येणार आहे का?’

कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी कलमे पाठ करण्यापूर्वी हा प्रश्न मनात पक्का करावा, असे मला वाटते. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या जीडीपीआर या नियमावलीत वैयक्तिक माहिती वापरण्याचे सहा आधार दिले आहेत आणि संमती हा त्यांपैकी केवळ एक आहे. ही संमती मुक्त असावी लागते व ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. ज्याच्या हातात आपला पगार आणि बढती आहे त्याला नकार देणे माणसाला सहसा परवडत नाही, म्हणून युरोपातील नियामक नोकरीच्या संबंधात संमतीवर भिस्त ठेवू नये असे सांगतात. पगार देण्यासाठी कराराची पूर्तता हा आधार असतो, कर कापण्यासाठी कायदेशीर बंधन हा आधार असतो. माझ्या मसुद्याप्रमाणे एखाद्याने संमती मागे घेतली असती, तर त्याचा पगार कोणत्या आधारावर काढायचा, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. शिवाय भारताला युरोपीय आयोगाची ‘पुरेसे संरक्षण देणारा देश’ अशी मान्यता नसल्याने, माहिती पुण्याला आणण्यासाठी आयोगाने २०२१ मध्ये ठरवून दिलेली प्रमाण करारकलमे वापरावी लागली.

निकाल वाचायला सुरुवात करायची असेल, तर ‘बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया’ हा निकाल आधी वाचावा. कंपनीच्या कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजर खात्यावरून एका कर्मचाऱ्याने आपल्या भावाशी आणि वाग्दत्त वधूशी केलेला संवाद कंपनीने तपासला आणि २००७ मध्ये त्याला कामावरून काढले. खासगी वापराला मनाई आहे हे त्याला ठाऊक होते. परंतु पाळत किती आणि कशी ठेवली जाईल याची आगाऊ कल्पना त्याला दिली होती का, हे देशातील न्यायालयांनी नीट तपासले नाही, म्हणून युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याच न्यायालयाच्या लहान पीठाने आदल्या वर्षी उलट निर्णय दिला होता. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले, तर या विषयातील युक्तिवाद कसे उभे राहतात ते कळते.

देशांमधील फरक समजून घेण्यासाठी मी नवीन सहकाऱ्यांना बोटाच्या ठशाने हजेरी घेणारे यंत्र डोळ्यांसमोर ठेवायला सांगते. जर्मनीत असे यंत्र बसवण्यापूर्वी, जिथे कामगारांची निवडलेली परिषद आहे तिथे, तिची संमती घ्यावी लागते. अमेरिकेत सर्व क्षेत्रांना लागू होणारा एकच केंद्रीय कायदा नाही. पण इलिनॉय राज्याच्या २००८ च्या कायद्यानुसार ठसा घेण्यापूर्वी लेखी सूचना देऊन लेखी मान्यता घ्यावी लागते आणि ती न घेतल्यास कर्मचारी स्वतः दावा लावू शकतो. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. हे शब्द मला फार सैल वाटतात. कामाच्या वेळेनंतरही कर्मचारी कुठे आहे हे टिपणारे ॲप याच शब्दांत बसवून द्या, अशी मागणी तुमच्याकडे येईल. तेव्हा खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालातील प्रमाणबद्धतेची कसोटी हाताशी असू द्यावी, आणि हेतू साधण्यासाठी याहून कमी माहिती पुरणार नाही का, असे लेखी विचारावे.

पहिल्या महिन्यात पगारपत्रक तयार करणाऱ्यांच्या शेजारी बसा. कोणती फाईल कोणाकडे जाते, नोकरी सोडलेल्याची वैद्यकीय बिले किती वर्षे तशीच पडून राहतात, हे तिथेच दिसते.

माझ्या त्या दोन पानांचे पुढे एक माहितीपत्र झाले, ज्यावर सही नव्हती. संमती उरली ती एकाच गोष्टीपुरती : कंपनीच्या अंतर्गत संकेतस्थळावर आपले छायाचित्र लावावे का. काहींनी ‘नाही’ असे कळवले. त्यांच्या नावापुढील चौकट रिकामी राहिली आणि पगार ठरल्या तारखेला जमा झाला.